फीत कापली, भूल कोण देणार?

ऑपरेशन थिएटर बांधणं सोपं असतं. निविदा निघते, ठेकेदार मिळतो, भिंतींना फरशा बसतात, छताला मोठा दिवा लागतो, एसी येतो. मग मान्यवर येतात, फीत कापतात, पेपरात फोटो छापून येतो. आणि पुढे त्या खोलीला कुलूप लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लोकांना याचं नवल वाटेनासं झालंय. मला अजून वाटतं. म्हणून या आठवड्याचं सदर त्या कुलपाबद्दल, आणि ज्याच्या नसण्यामुळे ते लागतं त्या माणसाबद्दल. भूल देणाऱ्या डॉक्टरबद्दल.

आधी एक नेहमीचा प्रसंग. अडलेली बाई तालुक्याच्या दवाखान्यात येते. पहिलटकरीण, कळा रात्रीपासूनच्या, आणि बाळाचे ठोके मंदावत चाललेले. ड्युटीवरच्या मॅडम तपासतात, बाहेर येतात, सांगतात, सिझर करावं लागेल, गडचिरोलीला न्या. सोबत आलेली सासू म्हणते, "इथंच करून टाका न जी. ऑपरेशनची खोली त आहे न?" मॅडम म्हणतात, "खोली आहे आजी, भूलवाले डॉक्टर नाहीत." आजी खोलीच्या दाराकडे बघते, मग मॅडमकडे. आपल्याला टोलवताहेत, असंच तिला वाटतं. तिच्या जागी कुणालाही तसंच वाटेल. खोली आहे, टेबल आहे, दिवा आहे, सिझर करणारी डॉक्टर समोर उभी आहे, मग घोडं पेंड खातं कुठे?

ते इथं खातं, की आपल्याकडे भूलतज्ज्ञाला कुणी मोजतच नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. केंद्र सरकारचा ग्रामीण आरोग्य सांख्यिकीचा २०२१-२२ चा अहवाल उघडा. सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, तज्ज्ञ डॉक्टरांची तूट ७९.५ टक्के असल्याचं त्यात म्हटलंय. शल्यचिकित्सक ८३.२ टक्के कमी, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२, फिजिशियन ७९.१, बालरोगतज्ज्ञ ८१.६. आकडे भयंकर आहेतच. पण नीट बघा, यादी चार जणांची आहे. पाचवा त्या बेरजेत नाही. उद्या सरकारने शंभर टक्के शल्यचिकित्सक नेमले, शंभर टक्के स्त्रीरोगतज्ज्ञ नेमले, तर अहवालातली त्यांची तूट शून्यावर येईल, आणि आजी तरीही गडचिरोलीच्या वाटेला लागेल. ज्याच्यावाचून ती नेमणूक वाया जाते, त्याचाच रकाना ठळक बेरजेत नाही.

भूलतज्ज्ञाचं काम म्हणजे दुखू न देणं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ते अर्धंही नाही. सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन देतात, ते जवळून बघायला हवं. बाईला टेबलाच्या कडेवर बसवतात. सिस्टर समोरून दोन्ही खांदे धरते, हनुवटी छातीला टेकवून पाठ वाकवायला लावते. नऊ महिन्यांचं पोट मधे, त्यात कळ येते. कळ आली की डॉक्टर सुई हातात धरून थांबतात, ओसरली की पुढे सरकतात. कमरेच्या दोन बाजूंच्या हाडांवर बोटं टेकवून अंगठ्याने मणके चाचपतात आणि तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली फट शोधतात. त्याहून फार वर टोचायचं नाही, कारण मज्जारज्जूचं टोक तिथं वर असतं. सुई अर्धा मिलिमीटर जाडीची. आत जाताना हाताला एक हलकासा झटका कळतो, मागून स्वच्छ पाण्याचा एक थेंब येतो. तो थेंब दिसला की दोन मिलीच्या आसपास औषध. बस्स, एवढंच. मग बाईला पटकन आडवं करायचं, उजव्या कुशीखाली उशी सारून थोडं डावीकडे कलवायचं, नाहीतर पोटाचं ओझं मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं. "ताई, पाय जड झाले का? उचलून बघा." पाय उचलत नाहीत. स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून विचारतात, "गार लागतं का?" नाही लागत.

इथपर्यंत सगळं कौशल्याचं. जिवाशी खेळ यानंतर सुरू होतो. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दोन-तीन मिनिटांत रक्तदाब घसरतो. १२० वरचा आकडा ८० वर येतो. बाई म्हणते, "मळमळून राहिलं जी." तोंड पांढरं पडतं. बाळाचा रक्तपुरवठा आईच्या दाबावर चाललेला असतो, आईचा दाब पडला की बाळ गुदमरतं. अशा वेळी सलाइन सोडायचं, मेफेंटरमिन किंवा फिनायलेफ्रिन द्यायचं, किती आणि केव्हा ते त्या क्षणी ठरवायचं. औषध अपेक्षेपेक्षा वर चढलं तर श्वास लागतो, मग नळी घालून श्वास आपल्या हातात घ्यावा लागतो. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर पोटाकडे बघत असते, तिने तिकडेच बघायला हवं. त्या बाईकडे बघायला दुसरं कुणीतरी लागतं. पूर्ण वेळ, दुसरं कुठलंही काम न करता. मॅडमनी एकटीने दोन्ही कामं करावीत असं म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असूनही ते दडपतात.

आता रस्ता. चंद्रपूरहून मूल, मूलहून सावली, पुढे व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली. नकाशावर सावली-गडचिरोली हे अंतर किरकोळ दिसतं, तासाभराचंही नाही. याच नकाशाकडे बोट दाखवून साहेब लोक म्हणतात, प्रत्येक तालुक्यात भूलतज्ज्ञ कशाला, जवळच तर जिल्ह्याचं ठिकाण आहे. २०१५ साली लॅन्सेटच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने तीन शस्त्रक्रिया कसोटीच्या मानल्या: सिझर, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या मोडीवरचे उपचार. या तिन्ही जिथं होतात, तिथं माणसाला दोन तासांत पोहोचता आलं पाहिजे. जगातल्या ५ अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल मिळत नाही, असंही त्याच आयोगाने मांडलं. कसोटी रास्त आहे. पण तासांची मोजणी कुठून सुरू करायची? आसोलामेंढा तलावाच्या अंगच्या एखाद्या वस्तीतून बाई निघते, तेव्हा आधी गाडी मिळायची वाट, मग पाथरी किंवा सावली, तिथं तपासणी, तिथं रेफरचा कागद, मग १०८ ची वाट, मग गडचिरोली, तिथं पुन्हा केसपेपर, पुन्हा तपासणी, आणि थिएटरमध्ये आधीच दुसरी बाई. तिचे दोन तास सावलीतच संपलेले असतात. १०८ महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले, याबद्दल दुमत नाही. पण रुग्णवाहिका बाईला थिएटरपर्यंत नेते, थिएटरमध्ये तिच्या उशाशी उभी राहत नाही.

आणि हा फक्त बाळंतपणाचा प्रश्न नाही, हे या पट्ट्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आपला भाग धानाचा. रोवणीचे दिवस, पाऊस, घरात जमिनीवर अंथरूण. मण्यार रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोबडी वळते आणि शेवटी छाती हलायची थांबते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर चालणारं सर्पविषावरचं औषध आपल्याकडे मिळतं, ते वेळेत द्यायलाच हवं. पण मण्यारीने एकदा स्नायू लुळे केले की औषधाने ते लगेच परतत नाहीत. त्या माणसाला तास न् तास, कधी दिवसचे दिवस, बाहेरून श्वास पुरवावा लागतो. घशात नळी घालायची आणि हातातली पिशवी दाबत राहायचं, व्हेंटिलेटर मिळेपर्यंत. हे करायला कुणाचा हात सर्वांत सरावलेला असतो? जो रोज हेच करतो त्याचा, भूलतज्ज्ञाचा. आणि लक्षात ठेवा, त्या लुळ्या माणसाला आपलं सगळं बोलणं ऐकू येत असतं. डोळे उघडता येत नाहीत, पण "गेला वाटते" हे त्याला ऐकू येतं.

मग सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार घरोघरच्या ओळखीचा. सरकारने १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तपासणीची कार्डं वाटली. पण सिकलसेलच्या पेशंटला भूल द्यायची म्हणजे वेगळीच जबाबदारी. त्याला गारठा लागू द्यायचा नाही, अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, ऑक्सिजन क्षणभरही खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रक्तपेशी वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात आणि ऑपरेशन उत्तम होऊनही पेशंट तिसऱ्या दिवशी छातीत कळा येऊन अत्यवस्थ होतो. पुण्या-मुंबईच्या एखाद्या भूलतज्ज्ञाला वर्षभरात असे जितके पेशंट दिसतील, त्याहून जास्त इथं महिनाभरात दिसू शकतात. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या दिवसांत वाघ-अस्वलाच्या हल्ल्यातली माणसं येतात, चेहऱ्याला आणि मानेला फाटलेली. जबडा फाटलेल्या माणसाच्या घशात नळी घालणं हे भूलशास्त्रातल्या सर्वांत कठीण कामांपैकी आहे. जिथं सर्वांत कठीण केसेस येतात, तिथं सर्वांत अनुभवी माणूस हवा. आपण तिथं कुणीच ठेवलेलं नाही, किंवा एकट्याच्या गळ्यात सगळं अडकवलंय.

हा डॉक्टर घडतो कसा, तेही बघू. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि एमडीची तीन वर्षं किंवा डीएची दोन. वर सरकारी बंधपत्राचं वर्ष. तिशी जवळ आलेली असते. त्यानंतर कन्सल्टंट म्हणून बाहेर पडला की त्याच्या नावाचा दवाखाना नसतो. गाडीच्या डिक्कीत एक बॅग असते: लॅरिंगोस्कोप आणि त्याची पाती, लहान मुलापासून मोठ्या माणसापर्यंतच्या सगळ्या मापांच्या नळ्या, अंबू बॅग, स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर, औषधांचा डबा. सकाळी चंद्रपुरात दोन केसेस, दुपारी मूल, संध्याकाळी ब्रह्मपुरीहून कॉल. ब्रह्मपुरीत इतके दवाखाने झाले की आसपासच्या तालुक्यांचे पेशंट तिकडेच जातात, आणि भूलतज्ज्ञाची गाडी पेशंटच्या मागे. रात्री दोनला फोन वाजला की केसलाघाटच्या जंगलातून एकट्याने गाडी काढायची. वाटेत वाघ आडवा येतो, ही इथं कुणाला दचकवणारी बातमी नाही.

पेशंट सर्जन निवडतो, भूलतज्ज्ञ सर्जन निवडतो. त्यामुळे बिलातला त्याचा आकडाही दुसरा कुणी ठरवतो आणि पैसे दुसऱ्याच्या हातून येतात. पेशंट बरा होऊन घरी जातो तेव्हा सर्जनच्या पाया पडतो, पेढे देतो. ज्याने दोन तास त्याचा श्वास सांभाळला, त्याचं नाव त्याला माहीत नसतं. बरं झालं तर हे असं. वाईट झालं तर मात्र पहिलं बोट त्याच्याकडे. "भूल जास्त दिली" हे वाक्य आपल्याकडे कुठलाही कागद न बघता, कुणाचीही चौकशी न करता म्हटलं जातं. बाईचं हिमोग्लोबिन सहावर होतं, बारा तास ती अडून राहिली होती, वाटेत रक्त गेलं होतं, यातलं काही कुणी विचारत नाही. चूक झाली असेल तर चौकशी व्हावी, दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण चौकशीआधीच खिडक्यांच्या काचा फुटणार असतील, तर त्या तालुक्यात दुसरा भूलतज्ज्ञ येणार नाही. ही जबाबदारी आपली, गावकऱ्यांची आहे. सरकारवर ढकलण्यासारखी नाही.

कुणी येतच नाही का? आलेलं उदाहरण आपल्याच भागात आहे, आणि ते आपण अर्धवट सांगतो. हेमलकसा म्हटलं की प्रकाश आमटे. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि प्रकाशभाऊ नागपूरचं शल्यचिकित्सेचं पुढचं शिक्षण सोडून तिकडे गेले. त्यांच्यासोबत डॉ. मंदाकिनी आमटे गेल्या. त्यांचं पदव्युत्तर शिक्षण कशातलं होतं? भूलशास्त्रातलं. एका बाजूला शल्यचिकित्सेत शिकत असलेला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला भूल देणारी डॉक्टर, अशी ती जोडी होती. म्हणून वीज नसलेल्या, पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटणाऱ्या त्या मुलखात शस्त्रक्रिया होऊ शकल्या. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला, हे योग्यच झालं. पण भाषणांत, शाळेच्या निबंधांत, कौतुकाच्या लेखांत मंदाताई पतीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पत्नी म्हणून येतात. साथ त्यांनी दिलीच. पण त्या स्वतः एका दुर्मीळ विद्येच्या जाणकार होत्या, आणि ती विद्या त्या जंगलात घेऊन गेल्या, हे आधी सांगायला हवं. मोठमोठ्या शहरांतही भूलतज्ज्ञांची वानवा होती, त्या काळात भामरागडला त्या होत्या. ही गोष्ट मुलींच्या शाळेत सांगा, बघा किती जणी कान टवकारतात.

आणखी मागे जायचं तर प्राणहितेपलीकडे बघा. सिरोंच्याची माणसं आजही उपचाराला तेलंगणात जातात. त्याच बाजूच्या हैदराबादेत १८८९ साली निजामाच्या पैशाने क्लोरोफॉर्म आयोग बसला होता. भूल देताना माणसं का दगावतात, याचा शोध घ्यायला राज्याने खजिना उघडला, इंग्लंडहून लॉडर ब्रंटन यांना बोलावून घेतलं. तिथंच रूपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत होत्या, जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. बोस्टनमध्ये मॉर्टनने इथरचा प्रयोग करून दाखवला १६ ऑक्टोबर १८४६ ला. त्याला पन्नास वर्षंही झाली नव्हती, तेव्हा इथल्या एका संस्थानाला भूलशास्त्राचं मोल कळलं होतं. आज हिशेबाच्या तक्त्यात आपल्याला एक रकाना वाढवता येत नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं जीवनरक्षक भूलकौशल्याचं प्रशिक्षण देण्याची योजना देशात आली. कल्पना उत्तम होती आणि आहे. नीट शिकलेला, कमरेतली भूल आणि श्वासाची नळी यांत हात बसलेला डॉक्टर तालुक्यात सिझर नक्की सांभाळू शकतो. पण योजना फसते ती प्रशिक्षणानंतर. शिकून आलेल्याची नेमणूक अशा ठिकाणी होते जिथं थिएटरच चालू नाही, किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. वर्षभर हात चालला नाही की आत्मविश्वास जातो, आणि मग तोही रेफरच करतो. त्याला मी दोष देत नाही. अर्धवट सरावाने भूल देण्यापेक्षा रेफर करणं बरं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केसमागे मानधन देऊन खासगी भूलतज्ज्ञ बोलवायची सोय आहे, अवघड भागासाठी डॉक्टरने आपला आकडा सांगावा आणि सरकारने तो द्यावा, अशीही तरतूद आहे. पण मानधनाची फाइल महिनोन् महिने टेबलावरून टेबलावर फिरत राहिली, तर पुढच्या वेळी रात्री दोनला तो फोन उचलणार नाही. त्यालाही घर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ठासून मांडतो. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ ही बैलजोडी आहे, एकाला सावलीत आणि दुसऱ्याला सिंदेवाहीत बांधून नांगर चालत नाही. बदल्यांच्या यादीत त्यांची नावं वेगवेगळ्या पानांवर येतात, हा आजाराचा गाभा आहे. जोडीने नेमा, जोडीने बदला. एका तालुक्याला एक भूलतज्ज्ञ देऊन भागत नाही, कारण चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस एकटा माणूस जागा राहू शकत नाही, त्याला पाळीने सोडवणारा दुसरा हवा. सगळ्या तालुक्यांत ते जमणार नाही, हेही मला दिसतं. मग मूल, सावली, सिंदेवाही अशा लगतच्या तालुक्यांचा गट करा, त्यातलं एक थिएटर रात्रंदिवस चालू ठेवा, तिथं दोन जोड्या द्या, आणि ते कुठलं, हे प्रत्येक आशाताईला पाठ असू द्या. चार ठिकाणी चार कुलपं लावण्यापेक्षा एका ठिकाणी उघडं दार बरं. रक्तसाठ्याचा फ्रिज तिथंच हवा. औषधांचाही हवा, कारण सक्सिनिलकोलीन गारव्यात ठेवावं लागतं आणि नळी घालताना ऐन घाईत तेच लागतं. ऑक्सिजनचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे की रिकामा, हे रोज सकाळी बघणारा तंत्रज्ञ हवा. राहायला धड क्वार्टर हवं, मुलांना शाळा हवी. यातलं काहीच चैनीचं नाही.

सावलीला दूरच्या माणसांनी येणं नवीन नाही. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं, स्वतः गांधीजी आले, राहिले. तेव्हा रस्ते कसे होते याची कल्पना करा. येणाऱ्यांना काम पटलं होतं आणि इथं त्यांची राहायची सोय झाली होती, एवढं पुरलं.

आता आशेची बाजू. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं, राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांबरोबर. मला त्याचा मनापासून आनंद आहे. एटापल्लीची, धानोऱ्याची, सावलीची मुलगी आता वैनगंगेच्या काठावरच डॉक्टर होऊ शकते. पण हिशेब करा. २०२४ ला प्रवेश घेतलेली मुलगी इंटर्नशिप संपवून बाहेर पडेल २०३० च्या सुमारास. तिने भूलशास्त्र निवडलं, पहिल्या झटक्यात जागा मिळाली, तर एमडी होईल २०३३ ला. ती निवडेल का, हा पुढचा प्रश्न. त्वचारोग आणि रेडिऑलॉजीच्या जागांवर उड्या पडतात, कारण तिथं रात्रीचे फोन कमी आणि अंगावर धावून येणारे नातेवाईक कमी. तिला भूलशास्त्राकडे ओढायचं असेल तर विद्यार्थिदशेतच तालुक्याच्या चालत्या थिएटरमध्ये आणून उभी करा. तो पाण्याचा थेंब तिला बघू द्या. घसरलेला रक्तदाब दोन मिनिटांत वर येतो आणि बाळ रडतं, ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकू द्या. नुसत्या व्याख्यानाने भूलतज्ज्ञ व्हावंसं कुणालाच वाटत नाही.

आणि २०३३ पर्यंत काय? तोवर सावली तालुक्यात रोवण्या होतील, बाळंतपणं होतील, मण्यारी चावतील. येत्या बदल्यांचे आदेश निघतील तेव्हा आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी नव्या इमारतीच्या निधीचं पत्र बाजूला ठेवावं आणि आरोग्य विभागाला एकच विचारावं: या गटाला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ जोडीने कधी देता, तारीख सांगा. तारीख मिळाली की ती दवाखान्याच्या दारावर, जिथं फीत कापली होती तिथंच लावावी, आणि खाली भूलतज्ज्ञाचं नाव आणि फोन नंबर लिहायला जागा ठेवावी.